न संपलेली जागल

युद्धाचा किंवा युद्धसदृश कर्तव्याचा अनुभव घेऊन परतलेल्या सैनिकाच्या मनात वर्षानुवर्षांनी उसळून येणाऱ्या आठवणी हा विषय दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर यावा, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. परंतु ज्या सणात गावोगावी सुतळी बॉम्ब वाजतात आणि गल्लीबोळांत शोभेच्या दारूचा वास भरून राहतो, तोच सण गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला वर्षातला सर्वांत अवघड आठवडा ठरू शकतो, हे ध्यानात घेतले तर या विषयाला याहून योग्य मुहूर्त मिळणे कठीण आहे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि त्याच्या आसपासची गावे केळीसाठी व हळदीसाठी ओळखली जातात, फौजेसाठी नव्हे. आणि नेमक्या त्याच कारणाने येथील माजी सैनिकाचा प्रश्न सातारा-कोल्हापूरकडील फौजी गावांपेक्षा वेगळा आणि काहीसा अधिक एकाकी आहे.

सर्वसाधारण आठवण काळाच्या ओघात मनात आपली जागा धरते, तिला आधी आणि नंतर असते, ती सांगता येते, आणि सांगणाऱ्याला ती घटना होऊन गेली आहे याचे भान सुटत नाही. जीव धोक्यात असताना मेंदूत झालेली नोंद मात्र निराळ्या रीतीने होते. मेंदूतील ॲमिग्डला, म्हणजे धोक्याची सूचना देणारा बदामाएवढा भाग, त्या क्षणी आवाज, वास, उजेड आणि शरीराची अवस्था खोलवर नोंदवून घेतो, तर अनुभवाला स्थळकाळाची चौकट देणारा हिप्पोकॅम्पस हा भाग तीव्र ताणाखाली आपले काम पुरतेपणी करू शकत नाही, असे या क्षेत्रातील अनेक संशोधक मानतात. परिणामी पुढे कधीतरी तसाच आवाज किंवा वास आला की आठवणीसोबत तो प्रसंगच शरीरात पुन्हा सुरू होतो. छाती धडधडते, घाम फुटतो, हात नसलेल्या रायफलकडे जातो. जमिनीचा व्यवहार होऊन ताबा बदलला तरी फेरफाराची नोंद राहून गेली की सातबाऱ्यावर जुनेच नाव दिसत राहते, तशी ही अवस्था असते. लढाई संपलेली असते, पण शरीराच्या दप्तरी ती अजून चालूच असते.

या अवस्थेला मानसोपचारशास्त्रात आघातोत्तर ताणविकार किंवा संक्षेपाने पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1980 मध्ये, व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांच्या आग्रहानंतर, हे निदान आपल्या अधिकृत वर्गीकरणात समाविष्ट केले. नको असताना आठवणी व दुःस्वप्ने येणे, त्या जाग्या करणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयी मन कडवट होणे आणि शरीर सतत सावध राहणे ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली आणि त्यांनी रोजच्या व्यवहारात अडथळा आणला, तरच हे निदान करावे असा संकेत आहे. प्रत्येक सैनिकाला हा विकार होतो असे मुळीच नाही. बहुसंख्यांना होत नाही, आणि माजी सैनिक म्हणजे हमखास बिघडलेला माणूस हा सिनेमाने पसरवलेला समज या प्रश्नाचे जितके नुकसान करतो, तितके क्वचितच दुसरे काही करत असेल.

आता ही लक्षणे डोंगरकड्यासारख्या गावात कशी दिसतात ते पाहिले पाहिजे, कारण पुस्तकातील वर्णन शिवारात उतरले की ओळखू येईनासे होते. सोयाबीन कापून त्याची सुडी शेतात लागलेली असते, पावसाच्या भीतीने तिच्यावर ताडपत्री टाकलेली असते, आणि मळणीसाठी हडंब्याचा नंबर लागेपर्यंत रात्री कोणीतरी जागलीला जावे लागते. फौजेतून आलेला माणूस ही जबाबदारी आनंदाने अंगावर घेतो. तो बॅटरी घेऊन रात्रीतून तीनदा धुऱ्याने फेरी मारतो, लिंबाच्या खोडाला पाठ टेकून रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि दूरवर बुलेटच्या सायलेन्सरचा फटका वाजला की उठून उभा राहतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने रात्री येत असल्याने रात्र जागणे हे या भागात कोणालाच नवल वाटत नाही. उलट मेजर मोठे कष्टाळू आहेत, अशी त्यांची वाखाणणी होते. सुडी मळून होते, सोयाबीन बाजारात जाते, रान मोकळे पडते, तरीही तो माणूस शेतातच झोपतो, किंबहुना झोपत नाही, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. लग्नात तो मांडवाच्या दारालगतची खुर्ची धरतो, घरात त्याची बाज भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून असते, पंगतीत पाठीमागून कोणी वाढायला आले की तो दचकतो. वैद्यकीय भाषेत याला अतिसावधता म्हणतात. गावाच्या भाषेत त्याला फौजी शिस्त म्हणतात, आणि त्या कौतुकाखाली विकार बेमालूम झाकला जातो.

हे झाकणे नेहमीच इतके सन्मानाचे नसते. तोच माणूस मुलाने ताट आपटले म्हणून संतापाने थरथरू लागला की तापट ठरतो, कॅन्टीनच्या कोट्यातील रम रोज घेऊ लागला की दारुडा ठरतो, आणि पहाटे ओरडत उठू लागला की बाहेरचे काही झाल्याची शंका येऊन देवऋषीकडे नेला जातो. यातील प्रत्येक नाव लक्षणाच्या एकेका तुकड्याला दिलेले आहे, आणि हे सारे तुकडे एकाच घटनेपासून निघाले आहेत हे सांगणारा कोणी त्या साखळीत भेटत नाही. दारूविषयी तर एवढे स्पष्ट म्हटले पाहिजे की ती अनेकदा झोपेसाठी स्वतःच स्वतःला दिलेले औषध असते, आणि झोपेचा उत्तरार्ध बिघडवून ती दुःस्वप्नांची वाट अधिकच मोकळी करते.

येथे या भूभागाचे एक वैशिष्ट्य आडवे येते आणि ते उपयोगी पडण्यासारखे आहे. कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ तालुक्यांतील अनेक गावांना गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येतात. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे हे गाव तर त्यासाठीच ओळखले जाऊ लागले. 21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि काही मिनिटांतच त्याच्या मागोमाग 3.6 तीव्रतेचा दुसरा आला. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी जमीन पुन्हा हादरली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाची स्मृती मराठवाड्याच्या घराघरांत असल्याने अशा प्रत्येक गडगडाटाला माणसे आधी घराबाहेर धावतात आणि विचार नंतर करतात. ट्रक गेला तरी पत्र्याकडे नजर जाते, भांडे पडले तरी मूल उचलून घेतले जाते. शरीराने मनाच्या आधी निर्णय घेणे म्हणजे काय, हे या पट्ट्यातील माणसाला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले ठाऊक आहे. मेजर फटाक्याला का दचकतात हे त्याला समजावून सांगण्यासाठी परदेशी संशोधनाची गरज नाही. मार्चमधल्या त्या सकाळनंतरचे पहिले पंधरा दिवस आठवले आणि ते पंधरा वर्षे चालू राहिले अशी कल्पना केली, तरी पुरे.

फौजेचा आणि या जिल्ह्याचा संबंध जुना आहे, पण तो तुटलेला आहे. हिंगोली ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती आणि 1903 मध्ये त्या फौजेचे वेगळे अस्तित्व संपले, तशी छावणीही संपली. आज हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे, आणि मैदानी भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले या भागातही दिसतात. तथापि साताऱ्याजवळील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली आणि त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून फौजेत माणसे पाठवली, तशी परंपरा येथे नाही. अपशिंग्यात निवृत्त सैनिक पारावर येऊन बसला तर त्याच्या शेजारी बसलेला माणूसही बहुधा फौजेतलाच असतो, आणि अर्धे वाक्य बोलून थांबले तरी त्याला उरलेले कळते. डोंगरकड्याच्या आसपास गावात एक किंवा दोनच मेजर असतात, आणि अर्धे वाक्य कळणारा माणूस पन्नास कोसांवर असतो.

मराठी समाजाला युद्धाच्या कथेचे वावडे कधीच नव्हते, पण त्याला त्या कथेचा एकच प्रकार हवा असतो. 26 जानेवारीला शाळेत मेजरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, मुलांना चार शब्द सांगा म्हणून माईक हातात दिला जातो, आणि मेजर पराक्रमाची ती एक गोष्ट सांगतात जी दरवर्षी सांगितली जाते. दुसरी गोष्ट, म्हणजे शेजारच्या खंदकातील मित्राला हाक मारली आणि उत्तर आले नाही ही, त्या माईकवर बसत नाही. याला मराठीत एक थोर अपवाद आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर नाना फडणवीस वयाच्या एकोणिसाव्या वर्षात होते, आई आणि पत्नी त्यांच्यासोबत होत्या; त्या रणातून ते वाचले, पत्नीही परतली, आई मात्र परतली नाही. पुढे मराठी राज्याचा कारभार दीर्घकाळ वाहिलेल्या या मुत्सद्द्याने जे छोटेसे आत्मचरित्र मागे ठेवले, त्यात पानिपत हे एका जिवंत राहिलेल्या तरुणाच्या पळण्याच्या, ताटातुटीच्या आणि आईच्या शोकाच्या अंगाने येते. महाभारतातील शांतिपर्वाचा आरंभही जिंकलेल्या युधिष्ठिराला जिंकणे सोसवत नाही यापासूनच होतो, हे कीर्तनांतून फारसे सांगितले जात नाही.

याच धाग्यावर अलीकडे एक संज्ञा रूढ झाली आहे, ती म्हणजे नैतिक जखम. भीतीपासून उद्भवणाऱ्या विकाराहून ती वेगळी आहे. आपण केले, आपल्याला करावे लागले किंवा आपण थांबवू शकलो नाही अशा एखाद्या गोष्टीने माणसाचा स्वतःच्या चांगुलपणावरचा विश्वास मोडणे, असा तिचा अर्थ आहे, आणि व्हिएतनाममधील सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांच्या लेखनातून ती पुढे आली. जुलै 1987 ते मार्च 1990 या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे उदाहरण येथे लक्षणीय आहे. त्या मोहिमेत सुमारे 1,200 भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. पण शत्रू कोण आणि नागरिक कोण हे ओळखू न येणाऱ्या गल्ल्यांत लढलेल्या त्या माणसांच्या वाट्याला परतल्यावर ना विजयाचा गुलाल आला, ना पराभवाचा शोक. कारगिलची कथा सांगता येते, तिला आरंभ आणि शेवट आहे. जाफन्याची कथा सांगायला सुरुवात केली की ऐकणारा विचारतो, मग जिंकलो की हरलो?

तेव्हा विशीत असलेले शांतिसेनेतील जवान आज साठीच्या आसपास आहेत आणि 1999 च्या कारगिल युद्धातील तरुण पन्नाशीकडे झुकले आहेत किंवा ती ओलांडून गेले आहेत, ही बाब वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाची आहे. अमेरिकेतील वृद्ध माजी सैनिकांच्या अभ्यासातून 2006 च्या सुमारास उशिरा उद्भवणारी तणावलक्षणे ही कल्पना मांडली गेली. तरुणपणी युद्ध पाहिलेला माणूस नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत तीस-चाळीस वर्षे व्यवस्थित चालतो, आणि दुसरी नोकरी संपली, पत्नी गेली, हृदयविकाराचा झटका आला किंवा मुले पुण्याला स्थायिक झाली की जुन्या आठवणी एकाएकी वर येऊ लागतात. त्यामागे नवा आजार असतोच असे नाही. आयुष्याच्या उतारावर मन मागे वळून जमाखर्च मांडू लागते आणि त्यात ती पाने उघडली जातात. आपला बाप आजवर कधी काही बोलला नाही, मग आताच कसे, असे म्हणून मुलगा जेव्हा त्याला वेडात काढतो, तेव्हा तो उलट्या बाजूने विचार करत असतो. आताच, कारण आता त्याला अडवून धरणारे काम उरले नाही.

गावाचा यावरचा सल्ला ठरलेला असतो, झाले गेले विसरून जा. हाच सल्ला पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील डॉक्टरही देत असत. चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात शेलशॉक ही संज्ञा वापरली, आणि क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात काम करणारे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी 1918 मध्ये त्याच नियतकालिकात असे प्रतिपादन केले की अनुभव दडपण्याचा सल्लाच पुष्कळदा रुग्णाची स्थिती बिघडवतो. क्रेगलॉकहार्ट अर्थात गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी होते. मेसोपोटेमियातील कुत येथे डिसेंबर 1915 पासून वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनने 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करली, तेव्हा कैद झालेल्या सुमारे 13,000 जणांत मराठा पलटणींचे जवानही होते. उपासमार, वाळवंटातील पायपीट आणि कैद यांतून जे जगून परतले, त्यांची दुःस्वप्ने ऐकायला एकही रिव्हर्स बसला नाही.

शरीराच्या जखमेची गोष्ट याहून निराळी घडली. खडकी येथील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवणारी संस्था 1917 पासूनची, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासूनचे आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले, आणि उशिराने का होईना, महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. दिसणाऱ्या जखमेला व्हीलचेअर, पदक आणि चित्रपट मिळू शकतो. न दिसणाऱ्या जखमेला अजून प्रमाणपत्र मिळवतानाच माणूस थकतो.

उपचार मात्र आहेत, आणि ते आठवण पुसण्याचे नाहीत. दीर्घ सामोरी-उपचार या पद्धतीत रुग्ण प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञासमोर तोच प्रसंग सुरक्षित खोलीत पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागांना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. साधारण 8 ते 15 सत्रे लागतात. बोधात्मक प्रक्रिया उपचार या दुसऱ्या पद्धतीत, बहुधा 12 सत्रांत, माझ्यामुळेच तो मेला यासारख्या घट्ट बसलेल्या निष्कर्षांची तपासणी होते. सर्ट्रालिनसारख्या औषधांचा उपयोग होतो. मात्र बेन्झोडायझेपीन गटातील झोपेच्या गोळ्या, ज्या तालुक्याच्या मेडिकलवरून सहज आणल्या जातात, त्या या विकारासाठी देऊ नयेत असाच तज्ज्ञांचा कल आहे. खेड्यासाठी सर्वांत विचार करण्याजोगी पद्धत कथनात्मक सामोरी-उपचाराची आहे. तीत जमिनीवर एक दोरी अंथरतात. जन्मापासून आजपर्यंतचे आयुष्य म्हणजे ती दोरी, आणि रुग्ण तिच्यावर चांगल्या प्रसंगासाठी फूल आणि वाईट प्रसंगासाठी दगड ठेवत जातो, मग एकेका दगडाची हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली जाते, लिहून घेतली जाते आणि त्याला वाचून दाखवली जाते. ज्या प्रसंगाला आधी-नंतर नव्हते, त्याला ते मिळते. युगांडातील नाकिवाले या निर्वासित वस्तीत डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांनीही ही पद्धत यशस्वीपणे वापरली आहे. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यांतले एकही मराठवाड्यात नाही, ही वस्तुस्थिती समोर ठेवली म्हणजे नाकिवालेचे महत्त्व कळते. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात हिंगोली जिल्हा आहेच. घरोघरी फिरून नैराश्याची लक्षणे विचारणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत फौजेत होता का आणि झोप कशी लागते हे दोन प्रश्न वाढवण्यास फार मोठ्या शासन निर्णयाची गरज पडू नये.

दिवाळीपुरते बोलायचे तर फटाके बंदच करा अशी मागणी या अंकाला करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली, ती प्रदूषणाच्या विचाराने. परंतु दचकणाऱ्या शरीरासाठी आवाजाच्या मोठेपणाइतकाच त्याचा अवचितपणा घातक असल्याने त्या दोन तासांचा लाभ माजी सैनिकालाही होतो. आवाज कधी येणार हे ठाऊक असेल तर तो माणूस स्वतः मुलांसोबत अंगणात उभा राहू शकतो, वात पेटताना पाहू शकतो; पहाटे पाच वाजता खिडकीखाली वाजलेला एकच बॉम्ब मात्र त्याची पुढच्या आठवड्याची झोप घेऊन जातो. ही वेळ गावात पाळली जात नाही, हे सर्वांना माहीत आहे, आणि ती पाळायला लावण्यासाठी पोलीस ठाण्यापेक्षा गल्लीतील दोन वडीलधारी माणसे अधिक उपयोगी पडतात.

शेवटी राहते ती त्याच्या झोपेची खरी साक्षीदार, त्याची पत्नी. दुःस्वप्नात असलेल्या नवऱ्याला खांद्याला धरून हलवू नये, हे तिला एकदा गळ्याशी आलेल्या हाताने शिकवलेले असते. तज्ज्ञही तेच सांगतात की पायाकडे, हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहून, दिवा लावून हाक मारावी, आणि नाव घेण्याचा संकोच असेल तर अहो, तुम्ही घरी आहात, डोंगरकड्यात आहात, एवढे म्हणावे. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना 2003 पासून आहे आणि तीत कुटुंबही येते. पण केंद्रीय राखीव पोलीस दलात वर्षानुवर्षे नक्षलग्रस्त भागात किंवा काश्मीरमध्ये काढलेला जवान माजी सैनिक या व्याख्येत बसत नसल्याने तिच्या बाहेर राहतो. टेलिमानस या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेला, जिचा क्रमांक 14416 आहे आणि जिचा सैन्यदलांसाठीचा स्वतंत्र कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला, असे बंधन नाही. तेथे मराठीत बोलता येते आणि रुग्णाऐवजी त्याच्या घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. फोन करणाऱ्या बाईने तिथे दोनच गोष्टी विचारून घ्याव्यात. नांदेड किंवा हिंगोलीत या विकारावर केवळ गोळ्या न देता सत्रे घेणारे कोण आहे, आणि हळद काढणीच्या आधी ती सत्रे पूर्ण होतील अशा बेताने केव्हापासून यावे लागेल.